वाडीतली जि. प. शाळा, पट ९. समायोजनाच्या ठरावाला हो म्हणावं का?

साकवापलीकडे

मंडळी, सल्ला हवाय, आणि जरा लवकर हवाय.

आमची वाडी रत्नागिरी जिल्ह्यात. गावाची मोठी शाळा खालच्या वाडीत, आमची पहिली ते चौथीची वेगळी. दोन खोल्या, पुढे पडवी. यंदाचा पट ९. पहिलीत १, दुसरीत २, तिसरीत २, चौथीत ४. जूनला चौथीतले चौघे जातील, मग राहिले ५. पहिलीला नवीन कोण येईल ते आज कुणी सांगत नाही.

मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. मागच्या बैठकीला केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) आले होते. चहा घेता घेता सहज म्हणावं तसं म्हणाले, "समायोजनाला समितीची हरकत नाही, असा ठराव घालून ठेवा. वरून मागितला की धावपळ नको." समायोजन म्हणजे मुलं खालच्या शाळेत, गुरुजी तिसरीकडे आणि इथे कुलूप. गुरुजी समितीचे सचिव, पण ते काही बोलले नाहीत. त्यांना बोलता येत नाही हे मलाही कळतं.

अंतर कागदावर सव्वा किलोमीटर. ते पायवाटेनं. मधे पऱ्या म्हणजे ओढा आहे, त्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, आणि जुलै-ऑगस्टात कधी कधी साकवावरून पाणी जातं. गाडीरस्त्यानं वळसा घालून गेलं तर तीन किलोमीटर.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही विचारणारच. वाडीत शाळेच्या वयाची आणखी ६ मुलं आहेत. ती सकाळी सातला व्हॅननं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. अंगणवाडीत ५ आहेत. म्हणजे मुलं आहेत, शाळेत नाहीत. माझी मुलगी दुसरीतल्या दोघींपैकी एक.

ठराव द्यावा का? नाही दिला तर काय होतं?

आकडेमोड

कटू वाटेल, तरी लिहितो. २०२३ मध्ये शासनानं समूह शाळांचा (कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचा) विषय काढला, तेव्हा वीसपर्यंत पट असलेल्या शाळांचा हिशेब वर्तमानपत्रांत आला होता. १४,७८३ शाळा, १,८५,४६७ विद्यार्थी, २९,७०७ शिक्षक. भागून बघा. शाळेमागे साडेबारा मुलं, आणि साधारण सहा मुलांमागे एक शिक्षक. हा खर्च कुठलंही सरकार किती वर्षं करेल?

आणि मुलंच कमी जन्माला येताहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ होता. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला २.१ लागतो. तुमच्या जिल्ह्याचं तर आणखी वेगळं. २००१ ते २०११ मध्ये राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, पण मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांची चक्क घटली. तुमच्या वाडीतली तरणी माणसं विरार-डोंबिवलीला आहेत. त्यांची मुलं गणपतीला येतात, पट भरायला येत नाहीत.

पैशाचं सोडा, त्या पहिलीतल्या एका मुलाचा विचार करा. वर्गात एकटा. कविता कुणाबरोबर म्हणणार? भांडणार कुणाशी? मला विचाराल तर ठराव द्या आणि बदल्यात गाडी मागा.

खडू_फळा

आकडेमोड, तुमचा भागाकार बरोबर आहे. फक्त तो शाळेत घडत नाही. मी द्विशिक्षकी शाळेत वर्षानुवर्षं काढली, म्हणून सांगतो.

शिक्षण हक्क कायद्यात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत. कागदावर. त्यातला एक बहुतेक वेळा 'कामगिरीवर' दुसऱ्या शाळेत असतो, कारण तिथला निवृत्त झाला आणि जागा भरलेली नाही. साकवापलीकडे, तुमच्याकडेही तसंच असणार. उरलेल्या एकाला पहिलीच्या पोराला अक्षर गिरवायला देऊन चौथीचा भागाकार घ्यायचा असतो. तेवढ्यात पोषण आहाराची आजची संख्या ॲपवर भरायची. तेवढ्यात केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर 'अति तातडीचे, बारा वाजेपर्यंत माहिती सादर करावी' येतं. बारापर्यंत रेंज असलेल्या दगडावर जाऊन उभं राहायचं. मतदारयाद्यांचं काम आलं की बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून घरोघर फिरायचं. कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम देऊ नये असं आहे. पण निवडणूक हा शब्द किती ताणता येतो ते गावातल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा.

हे सगळं पालक बांधावरून बघत असतो. 'गुरुजी आज पण नाहीत' असं चार वेळा झालं की पाचव्या वेळी व्हॅनवाल्याचा नंबर घेतो. पट घटतो. पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांच्या जागा ठरवतात त्यात, दुसरी जागा धोक्यात येते. दुसरा शिक्षक गेला की उरलेले पालकही चुळबुळ करायला लागतात. आणि मग वरून पत्र येतं की पट का घटला याचा खुलासा करा.

१५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा शासन निर्णय वाचा. सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी मुलं असली तर तिथे नियमित शिक्षक शून्य. आता शिक्षकच नसलेल्या वर्गात कुठला बाप पोराला घालेल? त्याच वर्षी शिक्षकदिनाच्या दिवशी, ५ सप्टेंबरला, आणखी एक निर्णय आला की वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक जागा कंत्राटी. २५ सप्टेंबरला राज्यभर शिक्षक सामूहिक रजेवर गेले. कंत्राटीचा निर्णय नंतर मागे घेतला गेला, पण जो निरोप जायचा तो पालकांपर्यंत गेलाच होता.

वाचनमात्र

वाचतोय. आमच्याकडेही हेच चालू आहे (यवतमाळ).

पिवळी_व्हॅन

मी त्या 'दुसऱ्या बाजू'तली आई आहे. सातारा जिल्हा. माझा मुलगा इंग्रजी शाळेत जातो आणि घरापासून हाकेच्या अंतरावर जि. प. शाळा आहे. लोक म्हणतात इंग्रजीचं वेड. असेल थोडं, नाही म्हणत नाही. पण माझ्या बाबतीत ते दुसऱ्या नंबरवर होतं.

तो तीन वर्षांचा झाला तेव्हा मी घरात दोन म्हशी, सासूबाईंचं आजारपण आणि शेत बघत होते. जावेची मुलगी नर्सरीत जायची. व्हॅन दारात यायची, अकराला सोडायची. मी त्यालाही घातला. जि. प. शाळेकडे त्या वयाच्या मुलासाठी काहीच नव्हतं. अंगणवाडी होती, पण तिथे खाऊ, वजन, लसीकरण, आणि सेविकाताईंच्या मागे सतरा रजिस्टरं. त्यांचा दोष नाही.

तो सहाचा झाला तेव्हा जि. प. चे सर घरी आले. प्रवेशोत्सवाची पत्रिका, गुलाबाचं फूल, सगळं केलं त्यांनी. चांगला माणूस. पण तोपर्यंत पोराचे मित्र, व्हॅन, बाई सगळं ठरून गेलेलं. तीन वर्षं झाल्यावर कोण काढतं?

खडू_फळा

ताई, तुम्ही जे लिहिलंत ते मी निवृत्त होईपर्यंत मोठ्या साहेबांना सांगत होतो.

पहिलीचा प्रवेश जूनमध्ये होत नाही, तो त्याआधी तीन वर्षं झालेला असतो. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची, शाळा शिक्षण विभागाची. दोन्ही एकाच आवारात असल्या तरी फायली वेगळ्या. नवीन शैक्षणिक धोरणानं २०२० मध्ये तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला, चांगलं केलं, पण वाडीवरच्या शाळेत तीन वर्षांच्या मुलासाठी शिक्षकाचं पद कुठे आहे? एप्रिलमध्ये पहिलीच्या तयारीचे 'पहिले पाऊल'चे मेळावे होतात. त्यात मुलं येतात, फुगे फुटतात, आणि जूनला त्यातली निम्मी व्हॅनमध्ये दिसतात.

ज्या जि. प. शाळांचा पट टिकलाय त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी गावानं वर्गणी काढून बालवर्ग चालवलेला दिसेल. गावातलीच शिकलेली मुलगी किंवा सून, शाळेचीच रिकामी खोली, मानधन लोकवर्गणीतून. सरकारी कागदावर तो वर्ग नसतो. पण पहिलीला मुलं तिथूनच येतात. साकवापलीकडे, तुमच्या दोन खोल्यांतली एक रिकामीच असणार.

कोयत्याचं_गाव

कोकणातलं वाचून वाटलं, आमचं दुखणं वेगळंच आहे. बीड. आमच्याकडं पट आहे, मुलं नाहीत.

संचमान्यतेला पट धरतात तीस सप्टेंबरचा. कोयता, म्हणजे ऊसतोडीला जाणारी माणसं, निघतो दसरा-दिवाळीच्या आसपास. सप्टेंबरात वर्ग भरलेला, डिसेंबरात अर्धा. मुलं आई-बापाबरोबर कारखान्याच्या फडावर. हंगामी वसतिगृहं असतात म्हणा, मूल गावात आजी-आजोबांकडं राहिलं तर त्याच्या जेवणाची सोय शाळेत होते. ज्या वर्षी ती वेळेत मंजूर होतात त्या वर्षी मुलं थांबतात. दिवाळीनंतर मंजुरी आली तर गाड्या कधीच्याच गेलेल्या असतात.

त्यात आधार. मुलाचं आधार जुळलं नाही, नावात काना-मात्रेचा फरक पडला, की ते ऑनलाइन वैध धरत नाहीत, आणि वैध नाही तर संचमान्यतेला मोजत नाहीत. पोरगं समोर बसलंय, बाराखडी म्हणतंय, आणि सिस्टीम म्हणती ते नाही.

आकडेमोड

आधारची सक्ती उगीच आलेली नाही. २०११ च्या ऑक्टोबरमधली पटपडताळणी आठवत असेल. एकाच वेळी राज्यभर शाळांत माणसं घुसवून, मुलांच्या बोटाला शाई लावून मोजणी केली, आणि लाखोंच्या संख्येनं मुलं फक्त हजेरीपुस्तकात सापडली. अनुदान, तुकड्या, शिक्षकांच्या जागा सगळं त्या नावांवर चाललेलं. त्यात खासगी संस्था मोठ्या प्रमाणावर होत्या. पण शासनाचा पटावरचा विश्वास उडाला तो तेव्हापासून.

कोयत्याचं_गाव

संस्थाचालकानं खोटी पोरं दाखवली, म्हणून आमच्या खऱ्या पोराला आधारच्या रांगेत उभं करायचं. बरं.

लोकल_मराठी

मुंबईतून लिहितोय, जरा वेगळा मुद्दा. सगळे म्हणतात लोकांचा सरकारी शाळेवर विश्वास नाही. महापालिकेनं मुंबई पब्लिक स्कूल म्हणून सीबीएसईच्या शाळा सुरू केल्या. पालिकेच्याच इमारती, पालिकेचाच कारभार, फी नाही. तिथे प्रवेशाला सोडत काढावी लागते, इतके अर्ज येतात. आणि त्याच पालिकेच्या मराठी माध्यमाच्या वर्गांना मुलं शोधत फिरावं लागतं.

म्हणजे सरकारी असण्याला लोक नाक मुरडत नाहीत. माध्यम आणि बोर्ड बघतात. आता २०२५-२६ पासून राज्य मंडळाच्या पहिलीला सीबीएसईच्या धर्तीवर अभ्यासक्रम म्हणून सांगताहेत. त्यानं पालक परत येतील असं कुणाला वाटत असेल तर वाटो. पालकाला धर्तीवर नको असतं, पाटीवर हवं असतं.

गावगाडा

इतकं निराश होऊ नका. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातलं जालिंदरनगर बघा. दत्तात्रय वारे सर २०२२ मध्ये तिथे गेले तेव्हा शाळेत ३ मुलं होती. आज शंभरावर आहेत, आणि २०२५ मध्ये टी-फोर एज्युकेशनच्या जगातल्या उत्तम शाळांच्या पुरस्कारांत लोकांच्या पसंतीचा पुरस्कार या शाळेला मिळाला. जि. प. ची शाळा! त्याआधी ते वाबळेवाडीला होते, तिथे प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागायची. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे डिसले गुरुजीही जि. प. चेच. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार. मनात आणलं तर होतं.

खडू_फळा

वारे सरांबद्दल आदरच आहे. वाबळेवाडीनंतर त्यांना निलंबन सोसावं लागलं, चौकशीला तोंड द्यावं लागलं आणि तरी माणूस उभा राहिला, हे विसरू नये. पण दोन गोष्टी.

एक म्हणजे अशी माणसं एका तालुक्यात किती? योजना आखायची ती साध्या, बऱ्यापैकी, कधी कंटाळणाऱ्या शिक्षकाला धरून. असामान्य माणसाला धरून नाही. आणि दुसरं, नावाजलेल्या शाळेत बाहेरगावची मुलं येतात. ती आकाशातून पडत नाहीत. शेजारच्या कुठल्या तरी दोन-तीन शाळांच्या पटावरून वजा होऊन येतात. तिथल्या गुरुजींना मग खुलासा मागणारं पत्र जातं.

गावगाडा

म्हणजे चांगलं काम करूच नये?

खडू_फळा

करावं. पण तो पट घटण्यावरचा उपाय आहे असं समजू नये, एवढंच.

पेठेतला

एवढी चर्चा चाललीय तर एक विचारतो. इथे लिहिणाऱ्यांपैकी किती जणांची स्वतःची मुलं जि. प. किंवा मनपा शाळेत आहेत? आकडेमोड, तुमची? शिक्षकांची? हात वर करा.

संपादक मंडळ

पेठेतला, व्यक्तिगत प्रश्न नकोत. धागा चांगला चाललाय.

कुलूपबंद_२०१७

इतके दिवस नुसता वाचत होतो, या धाग्यासाठी खातं उघडलं. नाव का घेतलं ते कळेलच.

२०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा समायोजित करायचं ठरलं होतं. आमची त्यात होती. कोकणच, तालुका सांगत नाही. आम्हीही त्या वेळी ठराव दिला होता, कारण आम्हाला तेच पटलं होतं जे वर आकडेमोड यांनी लिहिलंय. मुलांना सोबती मिळतील, चार शिक्षक मिळतील, संगणक आहे.

पुढे काय झालं ते सांगतो. सुरुवातीला रिक्षा ठरली. वाहतूक भत्ता मुलाच्या खात्यावर येणार होता, तो आला वर्ष संपताना. रिक्षावाला तोवर थांबणार का? त्यानं सोडलं. मग आई-बापांनी विचार केला की पोराला गाडीत घालूनच पाठवायचं तर मग इंग्रजी शाळेच्या गाडीत का नाही? ती तर दारात येते. आमच्या वाडीतली निम्मी मुलं तिकडे गेली. खालच्या शाळेचा पट आमच्या मुलांनी वाढायचा होता, तो थोडा वाढला, पण टिकला नाही. आता तीच शाळा वीसच्या आत आली आहे.

शासनाच्या हिशेबात इकडची ७ आणि तिकडची २५ मिळून ३२ होतात. प्रत्यक्षात झाले २८. पुढच्या जूनला २४. हे कुणी मोजत नाही, कारण मुलं शाळाबाह्य झालेली नसतात, खासगीत गेलेली असतात.

आमच्या शाळेच्या पडवीत आता पंचायतीच्या सिमेंटच्या गोणी आहेत. आतल्या भिंतीवर पाढे अजून दिसतात, सतरापर्यंत.

आकडेमोड

कुलूपबंद, तुम्ही लिहिलेलं मनावर घेतलंय. मुलांची गळती खासगीकडे होते हा भाग माझ्या हिशेबात नव्हता, आणि तो असायला हवा. तरी मूळ प्रश्न राहतोच. पाच मुलांची शाळा पंधरा वर्षांनी असेल का? नसेल, तर मग कधी आणि कशा रीतीनं बंद करायची हे आज ठरवलेलं बरं की सरकारनं एका रात्रीत ठरवलेलं बरं?

वाचनमात्र

समूह शाळांचं पुढे काय झालं? पानशेतचं उदाहरण देत होते.

लोकल_मराठी

पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ, ही दोन उदाहरणं दाखवली जात होती. पानशेतला मुलांना गाडीनं आणतात, तोरणमाळची निवासी आहे. म्हणजे दोन्हीकडे आधी वाहतूक किंवा राहण्याची सोय झाली, मग मुलं एकत्र आली. बाकी ठिकाणी पत्र आधी जातं आणि गाडी 'प्रस्तावित' असते.

साकवापलीकडे

सगळ्यांचे आभार. कुलूपबंद यांची पोस्ट मी समितीतल्या दोघांना वाचून दाखवली.

खडू_फळा गुरुजी, तुमचा अंदाज खरा आहे. आमच्याकडे कागदावर दोन शिक्षक, त्यातल्या बाई गेल्या वर्षीपासून दुसऱ्या केंद्रात कामगिरीवर. खोली एक रिकामी.

दोन प्रश्न. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाला दहा हजार मिळतात, त्यात वीजबिल, खडू, रंग सगळं. पट तीसच्या वर असला तर पंचवीस हजार. छप्पर तर तेवढंच आहे, नऊ मुलं असली म्हणून कौलं कमी फुटत नाहीत. यावर कुठे दाद मागता येते का? आणि वाहतूक भत्ता नक्की किती?

खडू_फळा

अनुदान पटावर आहे, ते बदलणं तुमच्या हातात नाही. वीजबिलासाठी ग्रामपंचायतीकडे जा. काही ग्रामपंचायतींनी शाळेचं बिल स्वतःकडे घेतलंय, काहींनी तर जि. प. शाळेत मूल घालणाऱ्याची घरपट्टी माफ करण्याचे ठराव केलेत. घरपट्टीनं फार फरक पडत नाही हे माझं मत, पण पंचायत शाळेकडे बघते आहे एवढं तरी त्यातून दिसतं.

वाहतूक भत्ता वर्षाला सहा हजारांपर्यंत. दहा महिने धरले तर महिन्याला सहाशे. तुमच्याकडे व्हॅनचे किती घेतात?

साकवापलीकडे

तालुक्यापर्यंत हजार. खालच्या वाडीपर्यंत कुणी गाडीच लावायला तयार नाही, पाच मुलांसाठी परवडत नाही म्हणतात. एसटीचा मुलींचा मोफत पासही पाचवीपासून. आणि त्या रस्त्याला एसटी दिवसातून दोनदा, दोन्ही शाळेच्या वेळा सोडून.

पिवळी_व्हॅन

दादा, त्या ६ मुलांच्या आयांशी बोललात का? वडिलांशी नको, आयांशी. सकाळी सहाला उठवून, डबा भरून, झोपेतल्या पोराला व्हॅनमध्ये कोंबायचं आणि संध्याकाळी चारला ते उलट्या करत उतरायचं. घाटाचा रस्ता असेल तर हे रोजचं. आम्हाला हौस नसते हो. शाळेत दोन माणसं दिवसभर असतील आणि लहानग्यालाही तिथेच बसता येईल, एवढं दिसलं तर सगळ्या नाहीत, पण दोघी-तिघी विचार करतील. इंग्रजीचं म्हणाल तर सेमी इंग्रजी आहे का तुमच्याकडे?

साकवापलीकडे

सेमी नाही. गुरुजी म्हणतात एकट्यानं चार वर्गांना सेमी कसं करू.

आयांशी माझी बायको बोलून आली. दोघी म्हणाल्या, कामगिरीवरच्या बाई परत आल्या तर जूनला मुलं इकडे घालू. हे केंद्रप्रमुखांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, पट वाढला तर बाईंना परत आणायचं बघू.

कोयत्याचं_गाव

घ्या.

कुलूपबंद_२०१७

म्हणूनच तोंडी काही नको, कागद करा. 'हरकत नाही' हे शब्द ठरावात कुठेच येऊ देऊ नका. आमच्या वेळी सगळं त्याच दोन शब्दांवर झालं. एकदा यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी नोंदणी क्रमांक) बंद पडला की शाळा कागदावरून गेली. मग बालवर्ग भरवा नाहीतर मुलं आणा, पुन्हा सुरू करायला नवीन शाळेइतका खटाटोप.

खडू_फळा

मसुदा असा ठेवा. समिती समायोजनास सहमती देत नाही. पायवाट पावसाळ्यात वापरण्याजोगी नाही, गाडीरस्त्यानं अंतर तीन किलोमीटर, आणि पहिली ते पाचवीला एक किलोमीटरच्या आत शाळा असावी असा निकष आहे. कामगिरीवरील शिक्षिकेस मूळ शाळेत परत पाठवावे. रिकाम्या खोलीत लोकवर्गणीतून बालवर्ग सुरू करण्याचं समितीनं ठरवलं आहे. साकवावर पाणी असतानाचा फोटो तारखेसह जोडा. ग्रामसभेतही तोच ठराव घ्या, कारण समितीचा कागद केंद्रातच राहू शकतो, ग्रामसभेचा प्रोसिडिंगला लागतो. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक शिक्षणाधिकाऱ्यांना. आवक क्रमांक टाकून पोच घ्या.

आणि बालवर्गाला मुलगी आत्ताच बघून ठेवा. तिचं मानधन दर महिन्याला वेळेवर गेलं पाहिजे, मग ते कितीही असो. पहिले तीन महिने उत्साहात वर्गणी येते, चौथ्या महिन्यापासून कुणाकडे तरी मागायला जावं लागतं. ते कोण करणार हे नावानिशी ठरवा.

आकडेमोड

मसुद्यात 'पट वाढण्याची शक्यता आहे' असं मोघम लिहू नका. व्हॅनमधल्या ६ आणि अंगणवाडीतल्या ५ मुलांची यादी जोडा. नाव, जन्मतारीख, कुठल्या वर्षी पहिलीला येणार. कोण येईन म्हणतंय, कोण नाही म्हणतंय, दोन्ही लिहा. आकडा दिला की नाकारताना वरच्यालाही काहीतरी कारण लिहावं लागतं. आणि पुढच्या तीन जूनचा पट काढून दाखवा. तक्ता मी करून देतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

साकवापलीकडे

व्यनि केला. ग्रामसभा पुढच्या आठवड्यात आहे. बालवर्गासाठी वाडीतलीच एक सून तयार आहे, डी.एड. झालेली. मानधन गोळा करायचं काम वाडीच्या मुंबई मंडळाच्या खजिनदारांनी घेतलंय. गणपतीची वर्गणी तेच काढतात, त्यामुळे नाही म्हणायची कुणाची हिंमत नाही.

अंगणवाडीतल्या पाचांपैकी एका मुलीला सहा वर्षं नोव्हेंबरात पूर्ण होतात. ती येत्या जूनला पहिलीत धरायची की पुढच्या?

खडू_फळा

येत्या. ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होत असतील तर बसते. जन्मदाखला आणि आधार एकमेकांशी ताडून घ्या, वडिलांच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा. काही चुकलं असेल तर मेच्या आत दुरुस्त करून घ्या.